शेजारी बांधकाम निघालंय? पहिली कुदळ पडायच्या आधीपासून काय काय करायचं, नाशिककरांसाठी

नाशिकमध्ये सध्या कुठल्याही कॉलनीत जा, इंदिरानगर म्हणा, गंगापूर रोड म्हणा, सिडकोतली कुठलीही स्कीम म्हणा, एखादं तरी जुनं घर पाडून नवं चाललेलंच असतं. कुठे बैठ्या घरावर मजले चढतायत, कुठे बंगल्याचं अपार्टमेंट होतंय, जुन्या नाशकात वाडे उतरवतायत. म्हणजे आज ना उद्या प्रत्येकाच्या शेजारी जेसीबी येणारच आहे.

मी सिव्हिलमध्ये काम करते, साईटवर असते, आणि राहते पण अशाच एका रो-हाऊसच्या गल्लीत, त्यामुळे भिंतीच्या दोन्ही बाजूंचं ऐकायला मिळतं. बांधणारा म्हणतो शेजारी त्रास देतात, शेजारी म्हणतात हा कोणाला विचारतच नाही. आणि खरं सांगू का, भांडणाच्या मुळाशी गेलं की जवळपास दर वेळी हेच निघतं की काम सुरू व्हायच्या आधी दोन घरं एकदाही समोरासमोर बसलेली नसतात. धूळ, आवाज, रेती हे सगळं नंतरचं. म्हणून हा लेख काम सुरू व्हायच्या आधीपासून सुरू करते. ज्यांच्या शेजारी काम निघालंय त्यांच्यासाठी तर आहेच, पण पहिल्यांदाच घर बांधायला काढलेल्यांनी पण वाचा, कारण अर्ध्या गोष्टी तुमच्याच हातात असतात.

पायरी १: भूमिपूजनाच्या आधी जाऊन भेटा

शेजाऱ्याने येऊन सांगायला पाहिजे हे बरोबरच आहे, पण तो नाही आला तर तुम्ही जा. मानपान बाजूला ठेवा, कारण वर्ष-दीड वर्ष हे काम चालणार आहे आणि पहिली ओळख भांडणातून झाली तर पुढचं सगळं त्याच सुरात जातं. संध्याकाळी घरातलं मोठं माणूस बरोबर घेऊन जा, चहा होऊ द्या, आणि साधं बोला. "काका, काम चांगलं होऊ द्या, आमचं काही लागलं तर हक्काने सांगा. फक्त काँट्रॅक्टरचा नि इंजिनिअरचा नंबर देऊन ठेवा म्हणजे बारीकसारीक गोष्टींसाठी तुम्हाला फोन करायला नको." बघा, यात तक्रार कुठेच नाही, पण नंबर हातात आला.

मग विचारून घ्यायच्या गोष्टी. किती मजले, बेसमेंट किंवा पार्किंगसाठी खोल खोदणार का, जुनं घर हाताने उतरवणार की मशीनने, बोअर मारणार का आणि कधी, पाणी कुठलं वापरणार, मजूर साईटवर राहणार का, मटेरियल कुठे टाकणार. हे सगळं त्याला त्या दिवशी माहीत असेलच असं नाही, पण तुम्ही विचारल्यावर तो काँट्रॅक्टरला विचारतो, आणि बऱ्याचदा त्यालाही तेव्हाच पहिल्यांदा कळतं की रेती टाकायला आपल्याकडे जागाच नाहीये.

बांधणाऱ्यांनो, तुम्ही तर दोन्ही बाजूची, समोरची आणि मागची अशी चारही घरं फिरून या. मागच्या घराला सगळे विसरतात आणि मागच्या घराच्याच बेडरूमच्या खिडक्या तुमच्याकडे असतात. आपल्याकडे अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची, सातपूर-अंबड एमआयडीसीत नाईट शिफ्ट करणारी माणसं जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत, ती सकाळी येऊन झोपतात. कोणाच्या घरी असं माणूस आहे, कोणाकडे आजारी आजी आहेत, कोणाकडे दहावी-बारावी आहे हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या. ब्रेकर (काँक्रीट-खडक फोडायचं मशीन) लावायचाच आहे तर तो सकाळी आठला न लावता दुपारनंतर लावला तर काँट्रॅक्टरचं काही जात नाही, आणि त्या घराला मात्र आपला विचार केला हे कायम लक्षात राहतं.

पायरी २: भिंतींचे फोटो, दोघांनी मिळून

ही पायरी मी सगळ्यात महत्त्वाची मानते आणि लोक नेमकी हीच सोडतात, कारण त्यांना वाटतं फोटो काढले म्हणजे आपण अविश्वास दाखवतोय. उलट आहे हो. फोटो नसले की प्रत्येक भेग शेजाऱ्याच्या नावावर जाते, मग ती दहा वर्षं जुनी का असेना, आणि त्याला ते पटत नाही, आणि मग शब्दाला शब्द. फोटो असले की बोलायला काही उरत नाही.

काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी शेजाऱ्याला किंवा त्याच्या इंजिनिअरला घरी बोलवा आणि एकत्र फिरा. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा थर), पॅरापेट (गच्चीची कठड्याची भिंत), खिडक्यांचे कोपरे, बीम आणि विटांच्या भिंतीचा सांधा, कंपाऊंड वॉल, पोर्चच्या फरशा, ड्रेनेजचं चेंबर, जमिनीखालच्या टाकीचा आतला भाग, हे सगळं मोबाईलमध्ये घ्या. भेगेचा फोटो घेताना शेजारी एक पट्टी किंवा नाणं धरा म्हणजे नंतर रुंदी कळते. आणि तिथेच उभं राहून ते फोटो एकमेकांना व्हॉट्सअपवर पाठवून द्या, तारीख-वेळ आपोआप राहते आणि दोघांकडे सेम कॉपी राहते.

जी भेग आधीच आहे तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी बारीक रेघ मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. भेग पुढे सरकली तर रेघेच्या पलीकडे गेलेली लगेच दिसते. मोठी भेग असेल तर तिच्यावर पीओपीचा बोटभर रुंद पट्टा आडवा लावून ठेवायचा, भिंत हलली की तो पट्टा तडकतो. खर्च काहीच नाही आणि इंजिनिअर लोकसुद्धा हेच करतात.

आता इथे नाशिकची एक गोष्ट. आपली जमीन एकसारखी नाही, कुठे काळी माती लागते, कुठे दोन फुटांवर मुरूम, कुठे थेट काळा कातळ. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या, खास करून कंपाऊंड वॉलच्या भेगा एप्रिल-मेमध्ये उघडतात आणि पावसाळ्यात परत मिटतात. म्हणजे तुम्ही सप्टेंबरात फोटो काढले आणि मेमध्ये भेग मोठी दिसली तर ती शेजाऱ्याच्या कामामुळेच झाली असं लगेच धरू नका. तेवढ्याने किती तरी घरांमधलं बोलणं बंद झालेलं मी बघितलंय.

मग घाबरायचं कधी? प्लास्टरवरच्या केसासारख्या बारीक जाळीला घाबरू नका. पण खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली भेग, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी दिसणारी भेग, आठवड्या-आठवड्याला रुंद होणारी भेग, आणि आत्तापर्यंत नीट लागणारा दरवाजा अचानक घासायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी त्यांच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून दाखवा. खोदकाम चालू असेल तर ते त्यांनी बघेपर्यंत थांबवायला सांगा, हे सांगायला अजिबात संकोच करू नका.

पायरी ३: हद्द आणि पाया

कंपाऊंड जुनं असेल आणि हद्दीबद्दल थोडी जरी शंका असेल तर काम सुरू व्हायच्या आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्या. मोजणीला दोघांनी हजर राहा, खुणा दोघांनी बघा. वेळ लागतो हे खरं, पण प्लिंथ (घराचं जोतं) वर आल्यावर सहा इंचांवरून जे होतं ते मग कोर्टातच जातं.

खोदकामाबद्दल. तुमच्या घराच्या पायाला लागून आणि त्याच्यापेक्षा खोल खोदणार असतील तर ते एका दमात लांबच्या लांब खोदायचं नसतं. तुकड्या-तुकड्यात, एक सोडून एक असं खोदून, तेवढा भाग भरून मग पुढचा, अशी पद्धत आहे. गरज पडली तर टेकू, शोअरिंग, म्हणजे खड्ड्याच्या कडांना आधार. तुम्ही इंजिनिअर नसाल तरी एवढं विचारू शकता की आमच्या बाजूचं खोदकाम एकदम करणार की टप्प्यात? चांगला इंजिनिअर या प्रश्नाने चिडत नाही. आणि वेळ बघा, आपल्याकडे पाऊस जूनमध्ये धरतो, म्हणून मेच्या शेवटी खोल खड्डा काढून ठेवणं म्हणजे शेजाऱ्याच्या पायाखालची माती पावसाच्या भरवशावर सोडणं आहे. एक तर प्लिंथपर्यंत पावसाआधी यायचं, नाही तर खोदकाम दिवाळीनंतर.

कातळ लागला तर ब्रेकर येतो आणि तो आवाज आणि हादरे दिवसचे दिवस चालतात. खडकात भोकं पाडून त्यात फुगणारं केमिकल भरायचं, मग खडक रात्रीतून आपोआप तडकतो, ही पद्धत पण मिळते, महाग पडते पण शेजारी जुनं घर अगदी चिकटून असेल तर निदान तेवढ्या पट्ट्यात तरी वापरावी असं माझं मत आहे.

सिडकोतल्या आणि बाकी पण जुन्या रो-हाऊसवाल्यांसाठी वेगळं सांगते. बऱ्याच जुन्या घरांना कॉलम नसतात, विटांच्या भिंतीच सगळा भार घेतात आणि मधली भिंत दोघांची असते. अशा वेळी नवीन मजल्याचा भार त्या मधल्या भिंतीवर टाकायचाच नाही, बांधणाऱ्याने स्वतःच्या हद्दीत स्वतःचे कॉलम घ्यायचे. मधल्या भिंतीत हातोडा मारून बीम बसवायला लागले तर लगेच थांबवा, शांतपणे पण थांबवा. इलेक्ट्रिकच्या पाईपसाठी झिरी मारायची तरी शेजाऱ्याला सांगायचं, कारण पलीकडे त्यांचा वायरचा बोर्ड त्याच जागी असू शकतो.

आणि जुन्या नाशकात, भद्रकाली-तिवंधा वगैरे भागात वाडा उतरवताना अजून जपायचं. वाडे एकमेकांना टेकून उभे आहेत, भिंती मातीच्या. एक वाडा काढला की शेजारच्या वाड्याच्या ज्या भिंतीने आजवर कधी पाऊस बघितला नव्हता ती उघडी पडते. तिला लाकडी टेकू, वरून पत्रा किंवा ताडपत्री, आणि खाली पाणी साचणार नाही अशी सोय, हे पाडणाऱ्याने पाडायच्या खर्चातच धरायला पाहिजे. दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते ते उगीच नाही.

पायरी ४: गच्चीवर येऊ द्या, आणि काय बदल्यात

हे फार कमी लोकांना सुचतं. शेजाऱ्याचं घर तुमच्यापेक्षा उंच झालं की त्याच्या तुमच्याकडच्या भिंतीला बाहेरून प्लास्टर करायला जागाच नसते, परांची तुमच्या गच्चीवरच लावावी लागते. तुम्ही नाही म्हणालात तर ती भिंत विटांची उघडी राहते, तीच भिंत पाऊस पिते, त्याच्या बेडरूममध्ये ओल येते, आणि दोन घरांच्या मधल्या फटीतून पाणी खाली उतरून तुमच्याही भिंतीत येतं. म्हणजे नाही म्हणून दोघांचं नुकसान. माझं ऐका, हो म्हणा, पण सगळं नीट ठरवून हो म्हणा.

ठरवायचं असं की गच्चीवर आधी जाड ताडपत्री किंवा गोणपाट आणि त्यावर फळ्या, परांचीचे पाय थेट कोब्यावर नाहीत. ये-जा बाहेरून, म्हणजे त्यांच्या बाजूने, तुमच्या जिन्यातून नाही. टाकीचं झाकण बंद आणि वरून प्लास्टिक. सोलरच्या काचेच्या नळ्यांवर आधी जाड कापड आणि वर प्लायवूड, कारण एक वीट पडली तर गेली नळी, आणि तेवढे दिवस सोलर बंद हे धरून चाला. गच्चीच्या पावसाच्या पाईपच्या तोंडाला जाळी, नाही तर सिमेंटचा माल जाऊन तिथेच घट्ट होऊन बसतो. काम किती दिवस ते आधी सांगायचं. आणि शेवटी दोन घरांच्या मधल्या फटीवर वरून वॉटरप्रूफिंगची नीट झाकणी, ती त्यांच्या खर्चाने. हे सगळं एका मेसेजमध्ये लिहून दोघांनी ओके केलं की झालं, स्टॅम्पपेपर वगैरेची गरज नाही.

वाळवणाचे दिवस पण बघा ना. मार्च-एप्रिल-मेमध्ये गच्च्यांवर कुरडया, पापड, सांडगे असतात, त्याच आठवड्यात कोणी विटांची भिंत पाडायला घेतली की वर्षाचं वाळवण धुळीत जातं आणि गल्लीतल्या बायका ते वर्षभर विसरत नाहीत, आणि का विसरावं? आदल्या दिवशी एक मेसेज टाका, उद्या-परवा तोडफोड आहे, वाळवण आत घ्या. एवढंच पाहिजे असतं हो.

पायरी ५: छोटा व्हॉट्सअप ग्रुप

अख्ख्या कॉलनीचा नको. लागून असलेली चार-पाच घरं, मालक आणि काँट्रॅक्टरचा सुपरवायझर, बस. त्यात फक्त कामाचं. गुड मॉर्निंग नाही, राजकारण नाही, आणि रागात लिहिलेला मेसेज तर अजिबात नाही, राग आला तर फोन करा किंवा सरळ जाऊन बोला. मालकाने मेसेज कसा टाकायचा बघा:

"उद्या बुधवारी स्लॅब आहे. सकाळी ७ ला गाड्या येतील. गल्लीत पंप उभा राहणार, चारचाकी आज रात्रीच बाहेर लावून घ्या ही विनंती. संध्याकाळी ७ पर्यंत संपवायचा प्रयत्न आहे, उशीर झाला तर कळवतो. कोणाला दवाखान्यात वगैरे जायचं असेल तर आत्ताच सांगा, गाडी हलवून देऊ."

स्लॅबच्या दिवशी शेजाऱ्यांनी पण थोडं समजून घ्या. स्लॅब मध्येच थांबवता येत नाही, थांबवला तर आधीच्या आणि नंतरच्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो आणि पुढे तिथूनच गळतं. पण म्हणून दुपारी दोनला सुरू करून रात्री एकपर्यंत नेणं हे चुकीचंच. सकाळी लवकर सुरू करा, रात्री १० च्या आत आवरा. आरएमसीची, म्हणजे तयार काँक्रीटची, भरलेली गाडी २५ टनांच्या आसपास असते, आपल्या गल्ल्यांमधली चेंबरची झाकणं ते वजन धरत नाहीत, म्हणून चेंबरवर लोखंडी प्लेट टाका किंवा गाडी मेन रोडवर ठेवून पंपाने घ्या.

पायरी ६: आवाज, धूळ, रस्ता

आवाजाचे नियम माहीत असू द्या, भांडायला नाही, बोलताना ठाम राहायला. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या वेळात रहिवासी भागात आवाज करणारी बांधकामाची मशीन चालवायलाच परवानगी नाही. बोअरच्या गाडीचं मात्र नेहमीचं असतं की आधीची साईट लांबली म्हणून ती रात्री येते आणि लगेच सुरू करते. मालकाने आधीच बजावून ठेवायचं की रात्री आली तर उभी राहील, सकाळी चालू होईल. बोअरचा जो पांढरा गाळ निघतो तो रस्त्यावर नाही सोडायचा, खड्डा करून त्यात घ्यायचा.

धुळीसाठी हिरवी नेट पूर्ण उंचीपर्यंत, समोर पत्रे, पाडताना पाणी मारत पाडायचं, फरशी-ग्रॅनाइट कापताना पाणी सोडून कापायचं आणि तेही शेजाऱ्याच्या खिडकीखाली बसून नाही. कटरची कोरडी धूळ कापणाऱ्या पोराच्याच छातीत सगळ्यात आधी जाते, हे पण मालकाने बघायला पाहिजे. शेजाऱ्यांनी एसीच्या फिल्टरची सफाई लवकर लवकर करायची, कपडे दुसऱ्या बाजूला वाळत घालायचे, दमेकरी माणसाची झोपायची खोली त्या काळापुरती बदलायची.

रस्त्यावरची खडी आणि क्रश सँड, यावरून टू-व्हीलर घसरतात, संध्याकाळच्या अंधारात तर दिसतच नाही. मटेरियल स्वतःच्या प्लॉटमध्ये, नसेल जागा तर एका वेळी एका दिवसाचंच मागवा, आणि रोज संध्याकाळी काम संपल्यावर एक माणूस झाडू घेऊन गल्ली साफ करेल हे काँट्रॅक्टरच्या कामातच लिहा. सिमेंटचं पाणी गटारीत किंवा चेंबरमध्ये सोडायचं नाही, ते आत जाऊन दगड होतं आणि मग अख्ख्या गल्लीचं ड्रेनेज तुंबतं. राडारोडा घंटागाडीवाले घेत नाहीत. २०१६ पासून बांधकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम आहेत, तो आपल्याच जागेत साठवायचा आणि नीट विल्हेवाटीला पाठवायचा, नासर्डीच्या कडेला किंवा मोकळ्या प्लॉटवर नेऊन टाकायचा नाही.

मोकळा प्लॉट साफ करताना साप, उंदीर शेजाऱ्यांच्या घरात शिरतात. साफसफाईच्या दिवशी शेजाऱ्यांना सांगा, दरवाज्याच्या खालच्या फटी बंद करायला सांगा. साप निघाला तर मारू नका, सर्पमित्र किंवा वनविभागाच्या १९२६ ला फोन.

पायरी ७: पाणी आणि डास

क्युरिंगला, म्हणजे नवीन काँक्रीट ओलं ठेवायला, महापालिकेचं प्यायचं पाणी नको, बोअर किंवा टँकर. मोटर लावून लाईनमधून ओढलं की पुढच्या घरांना सकाळी पाणी चढत नाही आणि ते कोणामुळे हे अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळतं.

स्लॅबवर आळी (छोटे बांध) करून पाणी भरतात ते किमान सात दिवस, आताच्या सिमेंटला दहा दिवस लागतातच, ते कमी करा असं शेजाऱ्यांनी म्हणू नये. पण साईटवरची पाण्याची टाकी, ड्रम, लिफ्टचा खड्डा यात डेंग्यूचा डास होतो, तो स्वच्छ साचलेल्या पाण्यातच होतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून सगळं रिकामं करायचं आणि कडा घासायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून देऊन जात नाहीत. रिकामं करता येत नाही अशा खड्ड्यात गप्पी मासे सोडा. पावसाळ्यात हे शेजाऱ्यांनी स्वतः जाऊन बघितलं तरी कोणी राग मानू नये, आजारी पडली तर दोन्हीकडची पोरं पडणार आहेत.

पायरी ८: मजुरांशी

पेठ-सुरगाण्याकडून, बिहार-यूपीकडून आलेली माणसं आपल्या शेजारी राहणार असतात, बरोबर लहान मुलं असतात. शेजाऱ्यांच्या ज्या तक्रारी असतात, उघड्यावर जाणं, आंघोळ, रात्रीचा मोबाईलचा आवाज, त्यातल्या बऱ्याचशा मजुरांच्या नसून मालकाच्या असतात, कारण त्याने टॉयलेट बांधूनच दिलेलं नसतं. काम सुरू व्हायच्या पहिल्या दिवशी तात्पुरतं टॉयलेट, पाणी, आणि एक लाईट, हे झाल्याशिवाय मजुरांना राहायला आणायचंच नाही. मी कुठलीही साईट घेतली की आधी हेच विचारते.

आणि शेजाऱ्यांनी काही चुकलं तर मजुराला ओरडू नका, त्याच्या हातात काही नसतं, तो सांगितलं ते करतो. मुकादमाला किंवा सुपरवायझरला सांगा. मेच्या उन्हात प्यायला गार पाणी मागितलं तर द्या. त्यांच्याशी नीट वागलात तर तुमच्या गच्चीवर काही पडलं, पाईप फुटला, तर ते स्वतः येऊन सांगतात, लपवत नाहीत, आणि याचा उपयोग तुम्हालाच होतो.

परांची विजेच्या तारांजवळ येत असेल तर मात्र कोणाची वाट बघू नका, मालकाला सांगून महावितरणला लगेच कळवायला लावा.

पायरी ९: तरीही बिनसलं तर

आधी मालक, मग काँट्रॅक्टर, मग इंजिनिअर किंवा आर्किटेक्ट. प्रत्येक वेळी बोलल्यावर एक छोटा मेसेज टाकून ठेवा, "दादा, आज आपलं ठरलं की शनिवारपर्यंत गटार साफ होईल", असा, तक्रारीच्या भाषेत नाही, आठवणीच्या. ठरलेलं दोनदा मोडलं तर कॉलनीतल्या दोन ज्येष्ठ माणसांना मध्ये घ्या, आपल्याकडे अजूनही मोठ्यांचा शब्द लोक मानतात.

त्यानेही नाही झालं तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज. पंचवटी, नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, नाशिकरोड, सिडको, सातपूर असे सहा विभाग आहेत, आपला कुठला ते घरपट्टीच्या बिलावर बघा. परवानगीबद्दल असेल तर राजीव गांधी भवनात नगररचना विभाग. अर्जासोबत फोटो आणि मेसेजचे प्रिंट, आणि आवकचा शिक्का मारलेली पोच घ्या. रात्री १० नंतर मशीन चालूच असेल आणि मालक फोन उचलत नसेल तर ११२. पण अर्ज द्यायच्या आधी शेजाऱ्याला तोंडावर सांगा की मी अर्ज देणार आहे. पाठीमागून आलेली नोटीस माणूस कधी विसरत नाही, सांगून दिलेल्या अर्जानंतर मात्र परत बोलणं होऊ शकतं, मी होताना बघितलंय.

नुकसानीचं पण क्रमाने घ्या. पाण्याचा पाईप, ड्रेनेज, पत्रा, काच, वायर हे त्याच दिवशी दुरुस्त करून घ्यायचं. भिंतीच्या भेगा, रंग, कंपाऊंड हे मात्र मुख्य काम संपल्यावर, कारण वरचे मजले चढत असेपर्यंत भिंत थोडी हलत राहते, आत्ता भरलेली भेग दोन महिन्यांनी परत उघडते आणि मग दुसऱ्यांदा कोण करून देणार यावर पुन्हा वाद. फक्त ती यादी दोघांनी मान्य करून लिहून ठेवायची.

पायरी १०: काम संपताना

वास्तुशांतीचं बोलावणं यायच्या आधी परत एकदा एकत्र फिरा, पहिले फोटो मोबाईलमध्ये उघडून एकेक जागा ताडून बघा. आणि हे काँट्रॅक्टरचं शेवटचं बिल व्हायच्या आधी करा, नंतर नाही. शेवटचा हप्ता मालकाच्या हातात असतो तोवर प्लास्टरवाला, प्लंबर एका फोनवर येतात, एकदा हिशोब पूर्ण झाला की मालकालाच स्वतःच्या घरात माणूस मिळत नाही तर तुमच्या भिंतीसाठी कुठून मिळणार. मालकांनी थोडी रक्कम पहिल्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावी, तसं काँट्रॅक्टरशी सुरुवातीलाच बोलून घ्यावं, कारण मधल्या फटीतली झाकणी, गच्चीचे उतार, तुमच्याकडे वळलेला त्यांचा पावसाचा पाईप यातली गडबड पहिल्या जोराच्या पावसातच कळते. पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बाजूच्या भिंतीवरून आतून हात फिरवून बघा, गार आणि ओली लागली तर फोटो काढून लगेच ग्रुपवर टाका. ग्रुप तोवर डिलीट करू नका.